अंतराळाची वाट कार्यशाळेतून जाते

(विज्ञान शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही-सी ३४' हा प्रक्षेपक आकाशात झेपावला. एकाच उड्डाणात त्याने वीस उपग्रह कक्षेत नेऊन सोडले. त्यांतील मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला, सातशे किलोंहून अधिक वजनाचा होता. त्याच्या सोबतीला सुमारे दहा सेंटिमीटर बाजूचा, जेमतेम एक किलो वजनाचा एक ठोकळा होता. त्याचे नाव 'स्वयम्'. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तो घडविला होता. १८५४ साली सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करण्याकरिता जी संस्था सुरू झाली, तिच्या मुलांनी आपल्या हातची वस्तू पृथ्वीपासून सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर फिरती ठेवली.

त्या दिवशी वृत्तपत्रांनी कौतुक केले, आपणही केले. परंतु आज मला आपल्याशी त्या ठोकळ्याच्या मागे असलेल्या आठ वर्षांविषयी बोलावयाचे आहे. आपल्या घरातील जी मुले-मुली 'मला इस्रोत जायचे आहे', 'मला विमाने बनवायची आहेत' असे म्हणतात, त्यांना काय सांगावे, याचे उत्तर त्या आठ वर्षांत दडलेले आहे असे मला वाटते.

एक किलो आणि आठ वर्षे

'स्वयम्'चे काम २००८ साली सुरू झाले आणि उपग्रह उडाला २०१६ साली. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम असतो चार वर्षांचा. म्हणजे ज्या मुलांनी पहिली रेघ ओढली, ती उड्डाणाच्या दिवशी महाविद्यालयात नव्हती. दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्याला लागले. प्रत्येकाने दोन-तीन वर्षे काम केले, आपल्या वाट्याचा भाग सिद्ध केला, तो पुढच्या तुकडीच्या हाती सोपविला आणि पदवी घेऊन तो निघून गेला.

मुंबईच्या आयआयटीतील 'प्रथम' या उपग्रहाची कथाही अशीच आहे. २००७ साली विद्यार्थ्यांनी ती कल्पना हाती घेतली आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी 'पीएसएलव्ही-सी ३५'वरून तो दहा किलोंचा उपग्रह अवकाशात गेला. वातावरणाच्या आयनांबर नावाच्या थरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी अन्य महाविद्यालयांतील मुलांनाही संकेत ग्रहण करणारी भू-केंद्रे उभारण्यास शिकविण्यात आले. बेंगळुरू-हैदराबादच्या सात महाविद्यालयांनी मिळून केलेला 'स्टुडसॅट' १२ जुलै २०१० रोजी उडाला. त्याआधी २० एप्रिल २००९ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा 'अनुसॅट' उडाला होता. त्यानंतर २०११ मध्ये कानपूर आयआयटीचा 'जुगनू' गेला. ही मालिका आता लांबली आहे.

या साऱ्यांत समान धागा कोणता? फळ पाहावयास आपण असणार नाही हे ठाऊक असताना काम चोख करण्याचा. ज्याचे नाव उपग्रहावर कोरले जाणार नाही, त्यानेही सर्किट बोर्डावरचा प्रत्येक सांधा भिंगाखाली तपासलेला असतो. ही वृत्ती कोणत्याही प्रवेश परीक्षेत मोजली जात नाही. परंतु तिच्यावाचून एकही यान उडत नाही.

हात, चाचणी आणि नोंदवही

उपग्रह बनविताना विद्यार्थी नेमके काय शिकतो, ते थोडे तपशिलाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे हात. वर्गात 'विद्युतमंडल' हा शब्द असतो. टेबलावर मात्र तापलेली सोल्डरिंगची कांडी आणि मोहरीएवढे सुटे भाग असतात. सांधा वरून चकचकीत दिसला तरी आतून कच्चा असू शकतो. जमिनीवर तो महिनोन् महिने काम देतो आणि प्रक्षेपकाच्या हादऱ्यांत क्षणात सुटतो. पाचशे किलोमीटरवर जाऊन तो पुन्हा जोडता येत नाही. म्हणून 'चालून जाईल' हा आपल्या नित्याच्या व्यवहारातील लाडका शब्द या क्षेत्रात चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रह सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा करतो, म्हणजे दिवसाला पंधराच्या आसपास. प्रत्येक प्रदक्षिणेत तो उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जातो. एकदा भाजून निघावयाचे, एकदा गोठावयाचे, आणि उष्णता वाहून न्यायला भोवती हवाही नाही. म्हणून तो आधी निर्वात पेटीत ठेवून आळीपाळीने तापवितात व थंड करतात. कंपन-मंचावर बांधून हादरवितात. एकाच उपग्रहाच्या दोन-तीन प्रतिकृती कराव्या लागतात. एक शिकण्यासाठी, एक कठोर चाचणीसाठी आणि शेवटची उड्डाणासाठी. विद्यार्थ्याने महिनाभर खपून केलेली वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत मोडते, आणि का मोडली ते त्याला शोधावे लागते. तिथे तो अभियंता होऊ लागतो.

'स्वयम्'मधील एक युक्ती सांगतो. उपग्रह अवकाशात गरगरत राहिला तर त्याच्या अँटेनाचे तोंड पृथ्वीकडे राहत नाही. मोठ्या उपग्रहांत ते स्थिर ठेवण्यासाठी फिरती चाके व इतर यंत्रणा असते. त्यांना वीज लागते, जागा लागते. एका किलोत ते कसे बसावे? मुलांनी आत कायमचुंबक बसविला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेते, तसा उपग्रह स्वतःला जुळवून घेतो. आणि विशिष्ट धातूच्या बारीक कांड्या त्याचे डुलणे हळूहळू शमवितात. विजेचा एक थेंबही खर्च होत नाही. अडचण मोठी आणि साधन तुटपुंजे असले की बुद्धी कशी चालते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे नोंदवही. आज दुपारी कोणता भाग बदलला, का बदलला, मोजमाप काय आले, हे लिहून ठेवले नाही तर तीन वर्षांनी येणारी मुलगी अंधारात चाचपडेल. ज्येष्ठाने कनिष्ठासाठी लिहिणे आणि कनिष्ठाने ते श्रद्धेने, पण डोळे उघडे ठेवून वाचणे, अशीच ज्ञानाची परंपरा चालते. आपल्याकडे कसबी माणसे पुष्कळ होऊन गेली. परंतु अनेकांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली, कारण ती लिहिली गेली नाही. विद्यार्थ्यांच्या उपग्रहाने शिकविलेला हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ही वाट नवी नाही

हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे, असे कुणास वाटेल. घनाकृती छोट्या उपग्रहाचे माप १९९९ साली अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठीच ठरविले, हे खरे. परंतु करून शिकण्याची वाट आपल्या देशाने त्याच्या कितीतरी आधी धरली होती, आणि तिच्या आरंभी मराठी मुलखातील माणसे उभी आहेत.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बेंगळुरूत विमानांचा कारखाना उभा केला. तोच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा पाया. त्याच बेंगळुरूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला. त्याच्या आरंभीची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी वाहिली. कोल्हापूर परिसरातून पुढे आलेल्या या विद्वानाने जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यासारख्या गुरूकडे विद्या घेतली होती. ते पुस्तकात रमले नाहीत. कारखाना आणि वर्ग या दोहोंत त्यांचा वावर होता. त्यांच्या आरेखनाचे 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि पुढे वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर विमान चालवावयास शिकल्या.

'आर्यभट्ट' आठवा. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून उडालेला आपला हा पहिला उपग्रह प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये तरुण मुलांनी जोडला. त्यांच्यापैकी कुणीही त्याआधी उपग्रह बनविला नव्हता. कक्षेत गेल्यावर काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडाने त्याचे वैज्ञानिक प्रयोग थांबले. मग तो अपेशी म्हणावा काय? त्या शेडमध्ये घडलेली माणसेच पुढे दोन-तीन दशके देशाचे उपग्रह बनवीत राहिली. 'आर्यभट्ट' ही त्या अर्थाने एक कार्यशाळा होती, आणि तिचा निकाल उत्तम लागला.

अपयशाचा तास

येथे आणखी एक उदाहरण देणे मला आवश्यक वाटते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात देशभरातील पंचाहत्तर सरकारी शाळांतील साडेसातशे मुलींनी 'आझादीसॅट' या छोट्या उपग्रहासाठी पंचाहत्तर उपकरणे तयार केली. चेन्नईच्या 'स्पेस किड्झ इंडिया' या संस्थेने ती एकत्र बांधली. ७ ऑगस्ट २०२२ रोजी 'एसएसएलव्ही' या नव्या प्रक्षेपकाचे ते पहिलेच उड्डाण होते. दुसरा टप्पा विलग होताना क्षणभर हादरा बसला, त्वरण मोजणाऱ्या संवेदकांची मापे बिघडली आणि उपग्रह योग्य कक्षेत पोचले नाहीत. ज्यांनी महिनोन् महिने मेहनत केली, त्यांची वस्तू हरवली.

यात त्या मुलींचा कोणता दोष होता? काहीच नाही. पण अवकाश क्षेत्र असेच आहे. आपले काम निर्दोष असूनही दुसऱ्या टोकाला काही चुकते आणि सारे जाते. महत्त्वाचे काय, तर पुढे काय झाले. इस्रोने कारण शोधले, ते जाहीर केले, सुधारणा केली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या उड्डाणात 'आझादीसॅट-२' कक्षेत पोचला.

परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून कोमेजणारी आपली मुले आणि सहा महिन्यांत पुन्हा उभ्या राहिलेल्या त्या मुली यांच्यातील अंतर बुद्धीचे नाही, शिक्षणाच्या रीतीचे आहे. आपण मुलांना एकदाच, तीन तासांत, एकट्याने, अचूक उत्तर देण्याची सवय लावतो. ज्या क्षेत्रात त्यांना पाठवू इच्छितो, तेथे मात्र पुन:पुन्हा, वर्षानुवर्षे, अनेकांच्या साथीने, चुका शोधत काम करावे लागते.

ओझरची वाटही अंतराळाचीच

पालकांपैकी बहुतेकांच्या मनात 'एरोस्पेस' म्हणजे आयआयटी किंवा तिरुवनंतपुरमची आयआयएसटी. या संस्था थोर आहेत यात शंका नाही. २००७ साली इस्रोच्या पुढाकाराने निघालेल्या आयआयएसटीतून उत्तम शास्त्रज्ञ घडत आहेत. परंतु तेथील जागा मोजक्या. म्हणून उरलेल्या हजारो मुलांनी हे स्वप्न सोडून द्यावे काय?

नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा आहे. मिग विमाने तेथे झाली, सुखोई झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'तेजस मार्क १ ए'ची निर्मितीरेषा तेथे सुरू झाली. एका लढाऊ विमानाला हजारो रिव्हेट लागतात, मैलोगणती तारा लागतात. ही कामे करणारे पुष्कळसे हात आयटीआयमधून शिकून, शिकाऊ उमेदवारी करून आलेले असतात. विमान-दुरुस्तीचा परवाना हवा असेल तर केवळ लेखी परीक्षा पुरत नाही. प्रत्यक्ष विमानावर केलेले काम नोंदवहीत उतरलेले असावे लागते. नागपूरच्या मिहानमध्ये विमान-दुरुस्तीचे केंद्र आहे. विक्रोळीतील गोदरेज आणि वालचंदनगरचा कारखाना यांनी इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी वर्षानुवर्षे इंजिने व यंत्रभाग घडविले. त्या कारखान्यांतील लेथवर उभा असलेला टर्नर अंतराळ-कार्यक्रमाचा भाग नाही काय?

स्पष्ट बोलावयाचे तर अडचण आपल्या मनात आहे. मुलगा संगणकासमोर बसला की आपण समाधानी, आणि त्याच्या हाताला ग्रीस लागले की आपण अस्वस्थ. आपल्या गावगाड्यात सुतार-लोहाराच्या कसबावर सारे चालत असे. पण मान मात्र त्याच्या वाट्यास बेताचाच आला. त्याची किंमत आपण शतकानुशतके मोजली आहे. विद्या आणि हात यांची ताटातूट झाली, विद्या पोथीत राहिली आणि हात अडाणी ठरले. उपग्रह बनविणाऱ्या मुलांच्या टेबलावर ही ताटातूट मिटते. तेथे गणित मांडणारा आणि सांधा जोडणारा एकच असतो, किंवा एकमेकांच्या शेजारी बसतो. याला मी सामाजिक महत्त्वाची घटना मानतो.

पालकांनी विचारावयाचे चार प्रश्न

अलीकडे संधी वाढल्या आहेत, हे आनंदाचे आहे. इस्रोने २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'युविका' हा निवासी उपक्रम सुरू केला; त्यात ग्रामीण शाळांतील मुलांचा विशेष विचार होतो. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा दहा हजार शाळांत पोचल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. महाविद्यालयीन मुलांसाठी शीतपेयाच्या डब्याएवढा उपग्रह उंचावरून सोडून त्याचे काम तपासणाऱ्या 'कॅनसॅट' स्पर्धा होऊ लागल्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी 'पीएसएलव्ही-सी ६०'च्या चौथ्या टप्प्यावर बसून जी चोवीस उपकरणे अवकाशात गेली, त्यांत पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचे उपकरण होते आणि मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरील प्रयोगही होता.

परंतु जेथे मागणी वाढते तेथे बाजारही येतो. 'आपल्या मुलाला रॉकेट शास्त्रज्ञ बनवा' अशा जाहिराती आपण पाहता. काही वर्ग प्रामाणिक आहेत. काहींत तयार पेटी उघडायची, आठ तुकडे जोडायचे, छायाचित्र काढायचे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा.

पहिला प्रश्न : वस्तू कोण बनविणार, मूल की शिक्षक? दुसरा : ती बिघडली तर पुन्हा करावयास वेळ आणि साहित्य आहे का? जेथे चुकण्याची मुभा नाही, तेथे शिकणेही नाही. तिसरा : मुलाने केलेल्या कामाची मोजमापांसह नोंद कोण ठेवतो? आणि चौथा : उपक्रम संपल्यावर ती वस्तू व ती नोंदवही कुणाच्या हाती जाते? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर मुलास निःशंकपणे पाठवा, मग ती जागा झगमगीत नसली तरी चालेल. उत्तरे मिळाली नाहीत तर प्रमाणपत्राचा कागद कितीही जाड असो, तो घेऊ नका.

हेच प्रश्न आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेलाही विचारले पाहिजेत. सरकारने दिलेले साहित्य 'मुले मोडतील' या भीतीने कपाटात कुलूपबंद राहणार असेल, तर ते न दिल्यासारखेच आहे. मोडू द्या. मोडलेले दुरुस्त करावयास शिकलेले मूल हीच त्या खर्चाची परतफेड.

आपण काय करू शकतो

शेवटी कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत निवृत्त फिटर, टर्नर, वायरमन, विमानतळावर किंवा कारखान्यात आयुष्य घालविलेले तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या बोटांत तीस-चाळीस वर्षांची विद्या आहे, आणि ती विचारावयास कुणी येत नाही. दुसरीकडे शाळांत कुलूपबंद साहित्य आहे आणि घरोघरी जिज्ञासू मुले आहेत. या तिघांची गाठ घालून देण्यास फार मोठा निधी लागत नाही. रविवारचे दोन तास, शाळेची एक खोली, मुख्याध्यापकांची अनुमती आणि हे काम वर्षभर न कंटाळता चालविणारी दोन-तीन माणसे एवढ्यावर आरंभ होतो. पहिल्या दिवशी उपग्रह बनवावयाचा नाही. व्हर्नियरने मोजावयास शिकवा, सोल्डरिंग शिकवा, कागदाचे विमान का वळते ते दहा वेळा उडवून, लिहून शोधावयास सांगा. मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवा.

त्यातील किती मुले इस्रोत जातील, असे आपण विचाराल. कदाचित एखादा, कदाचित एकही नाही. पण ओझरच्या कारखान्यात, नागपूरच्या दुरुस्ती-केंद्रात, नव्याने निघणाऱ्या खासगी अवकाश-उद्योगांत, रुग्णालयातील यंत्रांवर किंवा गावच्या पंपावर काम करताना 'चालून जाईल' न म्हणणारी माणसे त्यांतून निश्चित तयार होतील. 'स्वयम्'च्या पहिल्या तुकडीने उड्डाण पाहण्याची वाट न पाहता आपली नोंदवही पुढच्यांच्या हाती दिली. आपणही आपल्याजवळची विद्या तशीच पुढे द्यावी, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.